ग्राफिंग कॅल्क्युलेटरची निवड आणि परीक्षागृहाचे नियम : पार्श्वभूमी

ग्राफिंग कॅल्क्युलेटरची, म्हणजे पडद्यावर आलेख काढणाऱ्या गणनयंत्रांची, तुलना करताना प्रोसेसरचा वेग, पडद्यावरील रंग आणि बॅटरी यांचेच तक्ते मांडले जातात. विकत घेतलेल्या यंत्रावर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम कितपत चालेल, हे मात्र गेली तीसेक वर्षे प्रामुख्याने परीक्षेच्या नियमांनी ठरवले आहे आणि ही बाब त्या तक्त्यांत क्वचितच येते.

सुरुवातीच्या यंत्रांना ही अडचण नव्हती. १९८५ च्या कॅसिओ एफएक्स-७०००जीमध्ये प्रोग्रॅमसाठी अवघी ४२२ बाइट जागा होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीच्या १९९० च्या टीआय-८१ मध्ये ती २,४०० बाइट झाली, तरी दुसऱ्या यंत्राला जोडण्याची सोय नसल्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅम कागदावरून पाहून एकेक कळ दाबत भरावा लागे. त्याच सुमाराची एचपी-४८ मालिका प्रोग्रॅमिंगसाठी कितीतरी सरस होती, परंतु तिचा चाहतावर्ग अभियंत्यांचा. शाळांपेक्षा ती कार्यालयांतच अधिक रमली.

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेत १९९४ पासून कॅल्क्युलेटरला परवानगी मिळाली आणि १९९५ पासून शालेय पातळीवरील प्रगत कलनाच्या परीक्षेसाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर आवश्यकच ठरला. बाजाराचे वळण तिथे ठरले. नियमांची तऱ्हा पाहण्यासारखी होती. १९९५ चा टीआय-९२ बीजगणितातील पदावल्या सोडवू शकत असे, पण त्याला टंकलेखनयंत्रासारखा कळफलक असल्यामुळे तो परीक्षेतून बाद झाला. जवळपास तेच गणित करणारा, साध्या कळफलकाचा टीआय-८९ तीन वर्षांनी आला आणि त्याच परीक्षेत चालला. दुसऱ्या एका प्रवेशपरीक्षेत अवरक्त किरणांचे पोर्ट असलेल्या यंत्रांवर अपारदर्शक चिकटपट्टी लावण्याची अट होती. आपल्याकडे हा पेच उद्भवलाच नाही, कारण राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर कॅल्क्युलेटरला मनाई आणि लॉग टेबलला परवानगी अशी स्पष्ट सूचना असते. मुंबई-पुण्यातील आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांपुरतीच ही खरेदी मर्यादित राहिली.

खेळांची कथा याच काळातली आहे. १९९२ च्या टीआय-८५ ला जोडणीची तार मिळाली, तरी कंपनीने दिलेल्या बेसिक भाषेतले खेळ रखडतच चालत. १९९४ मध्ये काही हौशी मंडळींनी यंत्राच्या स्मृतीची बॅकअप फाइल संगणकावर बदलून परत पाठवली आणि कस्टम मेनूतील एका नोंदीतून थेट यंत्रभाषेतील, म्हणजे प्रोसेसरला थेट समजणारे आणि म्हणून वेगवान, प्रोग्रॅम सुरू करण्याची वाट काढली. कंपनीने ही वाट बुजवण्याऐवजी टीआय-८३ मध्ये ती स्वतःच उघडली. पुढची पंधरा-वीस वर्षे ९६ गुणिले ६४ बिंदूंच्या करड्या पडद्यावर टेट्रिसचे अवतार आणि अंतराळातील लढाया रंगल्या. अनेक मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागली ती यातूनच. कुठल्याही अधिकृत पाठ्यक्रमापेक्षा या उद्योगाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

शिक्षकांची तक्रार खोटी नव्हती. परीक्षेआधी स्मृती पुसली जात असे, तेव्हा ‘मेम क्लिअर्ड’ एवढीच ओळ दाखवणारा बनावट प्रोग्रॅम चालवून सूत्रे शाबूत ठेवणारे विद्यार्थी होतेच. त्यावर उपाय म्हणून परीक्षा-अवस्था, म्हणजे यंत्रात साठवलेले प्रोग्रॅम व टिपणे परीक्षेपुरती बंद ठेवणारी सोय, आली आणि पुढे अनेक यंत्रांवर तिची साक्ष देणारा लुकलुकणारा दिवाही बसला. दरम्यान २००९ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने टीआय-८३ प्लसची ५१२ बिटांची स्वाक्षरी-किल्ली (यंत्रावर कंपनीचीच कार्यप्रणाली चालावी यासाठीची गुप्त संख्या) स्वतःच्या संगणकावर सुमारे अडीच महिन्यांत फोडली. निर्मात्या कंपनीने कायदेशीर नोटिसा धाडल्या, परंतु डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने हरकत घेतल्यावर प्रकरण पुढे रेटले गेले नाही.

खरा वाद मे २०२० चा आहे. टीआय-८४ प्लस सीई आणि त्याचे फ्रान्समधील भावंड टीआय-८३ प्रीमियम सीई यांच्या नव्या कार्यप्रणालीतून यंत्रभाषेतील व सी भाषेतील प्रोग्रॅम चालवण्याची सोयच काढून टाकण्यात आली. फ्रान्समध्ये परीक्षा-अवस्थेला चकवा देणारी युक्ती दाखवणारी एक चित्रफीत त्याआधी फिरली होती आणि निर्णयाचे मूळ तिच्यात आहे, असे हौशी प्रोग्रॅमरांच्या वर्तुळात मानले गेले. परीक्षेच्या विश्वासार्हतेचा मुद्दा रास्त आहे. मात्र परीक्षा-अवस्थेतील छिद्र बुजवणे आणि वर्षभर घरी-शाळेत चालणारे सारे खेळ, भाषासंच व साधने एका फटक्यात बाद करणे, यांत फार अंतर आहे. नेहमीची सुधारणा समजून ज्यांनी ती प्रणाली भरली, त्यांना परत फिरण्याची अधिकृत वाट नव्हती. चार महिन्यांच्या आतच भूमिती शिकवणाऱ्या एका अ‍ॅपच्या फाइलमधून बंद दार पुन्हा उघडण्याची शक्कल निघाली, म्हणजे नकलेचा धोका टळल्याचेही छातीठोकपणे सांगता येईना. कंपनीने पर्याय म्हणून पायथनकडे बोट दाखवले. परंतु २०२१ च्या टीआय-८४ प्लस सीई पायथनमध्ये ती भाषा एका वेगळ्या चिपवर चालते. ज्या ४८ मेगाहर्ट्‌झच्या मुख्य प्रोसेसरवर वेगवान खेळ लिहिले जात, तो तिच्या आवाक्याबाहेर राहतो. वर्गाची सरासरी काढायला किंवा आलेख आखायला ती पुरेशी आहे, खेळ लिहायला नाही.

फ्रान्समध्येच २०१७ मध्ये पायथनसह आलेल्या नमवर्क्स कॅल्क्युलेटरच्या कंपनीने आपल्या प्रणालीचा मूळ कोड सर्वांना पाहू दिला होता आणि तिच्यावर स्वतंत्र प्रणालीही फुलल्या होत्या. २०२१ मध्ये तिलाही परीक्षेच्याच कारणास्तव कुलूप लागले. स्पर्शपडद्याच्या एचपी प्राइमकडे किंवा कॅसिओच्या रंगीत मालिकेकडे वळणाऱ्यांनाही आधी आपल्या परीक्षेची परवानगी-यादीच उघडावी लागते.

आता ज्या प्रवेशपरीक्षेमुळे ही बाजारपेठ उभी राहिली, तिनेच संगणकावर स्थलांतर करताना आलेख काढणारे साधन पडद्यावरच पुरवले आहे. अमेरिकेत हे २०२४ पासून लागू झाले. स्वतःचे यंत्र नेण्यास अजून मुभा आहे. जुना टीआय-८४ प्लस सीई विकत घेणारा हौशी प्रोग्रॅमर मात्र बॅटरीची विचारपूस नंतर करतो. आत कोणती प्रणाली भरली आहे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.