चाकालटाया: हिमनदी संपली, लॉज उरलं

बोलिव्हियातल्या चाकालटाया पर्वतावर, तिथल्या हिमनदीवर स्की करणाऱ्यांसाठी बांधलेलं लॉज सुमारे ५,३०० मीटरवर आहे, जवळपास एव्हरेस्टच्या बेस कॅम्पइतक्या उंचीवर. १९३०च्या दशकाच्या अखेरीस जवळच्या ला पाझ शहरातल्या हौशी गिर्यारोहकांच्या एका क्लबने इथे निवारा उभारला आणि मोटारीच्या इंजिनावर फिरणारा दोर बसवला. तो धरून स्कीबाज वर जात. पुढे अनेक वर्षं ‘जगातलं सर्वांत उंच स्की केंद्र’ हा लौकिक टिकला.

हिमनदी का संपली, यावर मात्र अजून वाद होतो. तापमानवाढीचं उदाहरण म्हणून चाकालटायाचं नाव सर्रास घेतलं जातं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. इथे बर्फ पडतो तो दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात, पावसाच्या महिन्यांत. स्कीचा हंगामही तोच आणि हिमनदी सर्वाधिक वितळते तीही त्याच काळात. ताजा पांढरा बर्फ ऊन परतवतो, म्हणून तो पडत राहिला तर खालचा जुना बर्फ वाचतो. एल निनोच्या वर्षी पाऊस रुसतो, गरमी वाढते आणि काळपट जुना बर्फ उघडा पडतो. १९९७-९८ चा तडाखा असाच बसला. त्यात हिमनदी मुळातच लहान आणि पातळ. कडेचा खडक उघडा पडला की तो तापून उरलेला बर्फ खातो. आजूबाजूला याहून कितीतरी मोठ्या हिमनद्या असताना हीच स्कीसाठी वापरात आली, कारण ती शहरापासून ३० किलोमीटरवर, रस्त्याच्या टप्प्यात होती. सोय पाहिली गेली, बर्फाची जाडी नाही. अर्थात १९३० च्या दशकातल्या लोकांना त्यासाठी दोष देणं अन्यायाचं होईल.

अभ्यासकांचा अंदाज होता, की हिमनदी २०१५ च्या सुमारास जाईल. २००९ मध्येच ती संपल्याचं जाहीर झालं. तिथल्या लोकांना याचं फारसं नवल वाटलं नसावं. धड स्की करता येईल असा बर्फ त्याआधीच दुर्मीळ झाला होता. आता लोक गाडीने लॉजपर्यंत येतात, धापा टाकत ५,४०० मीटरच्या आसपासच्या शिखरावर चढतात आणि उतरतात. जोराचा बर्फ पडलाच, तर एखादा जुना स्कीबाज फळ्या घेऊन येतो.