दहाव्या मुद्द्याला यादी का मोडली

सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त मी मार्कडाउनमध्ये टाइप करतो, म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, तिच्यातल्या खुणांवरून छापताना याद्या तयार होतात, वर्डबिर्ड काही नाही. परवा नऊ मुद्दे पोटमुद्द्यांसकट झकास बसले, आणि दहाव्याखालचा 'टाकी साफ करणे' हा पोटमुद्दा थेट अकरावा मुद्दा होऊन बसला, मग पुढचे सगळे नंबर सरकले. अर्धा तास डोकं खाजवलं.

कारण अगदीच फालतू निघालं. कॉमनमार्क म्हणजे मार्कडाउनची २०१४ पासूनची काटेकोर नियमावली, तिच्यात वरच्या मुद्द्याचं पहिलं अक्षर जिथे सुरू होतं, पोटमुद्दा निदान तिथपर्यंत आत ढकलावा लागतो. नवव्याला एक आकडा, टिंब, स्पेस, झाल्या तीन जागा, म्हणून तीन स्पेस पुरतात. दहाला आकडेच दोन, मग चार नकोत का! मी आपला तीनच देत होतो. आता सगळीकडे चार देतो, ते ९९ पर्यंत चालतं.

म्हणजे कोण कुणाच्या पोटात हे स्पेसवर ठरतं. नंबराला काही किंमतच नाही, सगळीकडे १ लिहिलं तरी छापून १, २, ३ येतं, फक्त पहिला आकडा मानतात. २००४ मध्ये जॉन ग्रुबरने मार्कडाउन काढलं तेव्हा तर तोही मानत नव्हते. आस्कीडॉक म्हणून मार्कडाउनसारखीच दुसरी पद्धत आहे, तिच्यात नंबर टाइप करायची गरजच नाही, एक टिंब म्हणजे मुद्दा, दोन म्हणजे पोटमुद्दा, तीन म्हणजे त्याच्याही पोटातला, आणि छापताना आपोआप १-२-३, मग ए-बी-सी, मग रोमन आकडे. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

आपली खरी गंमत पुढेच आहे. मराठी कीबोर्डवरून १ आणि टिंब टाइप केलं की यादी होतच नाही, सगळ्या ओळी एका परिच्छेदात गोळा होतात, कारण नियमात फक्त इंग्रजी आकडे धरलेत. उपाय सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपान दिसावं कसं ते सांगणाऱ्या भाषेत आहे, तिथे यादीच्या स्टाइलला 'देवनागरी' एवढं सांगितलं की ब्राउझर १, २, ३ दाखवतो. अ-ब-क-ड हवं असेल (हा क्रम वर्णमालेचा नाहीच, एबीसीडीच्या चालीवर बसवलेला) तर सीएसएसचाच काउंटर-स्टाइल हा नियम वापरून अक्षरं आपणच सांगायची.

आता फाइलमध्ये इंग्रजी आकडे असतात, नोटीस बोर्डावर मराठी लागतात, आणि सेक्रेटरींना वाटतं मी दोनदा टाइप करतो.