साबणाचा फुगा गोठताना त्यात चांदण्या कोण ढवळतं?

कॅनडातल्या विनिपेगला जानेवारीत असे दिवस येतात की आकाश निरभ्र, ऊन लख्ख, वाऱ्याचा पत्ता नाही आणि थर्मामीटर उणे 27 दाखवतोय. खिडकीतून बघितलं तर वाटतं काय मस्त हवा आहे, आणि दार उघडलं की नाकातले केस कडक होतात. अशा सकाळी मी मुलांना घेऊन मागच्या डेकवर साबणाचे फुगे उडवायला जाते. स्वेटर, स्नोपँट, मिटन्स, कानटोपी हे सगळं चढवायला वीस मिनिटं आणि बाहेर जेमतेम दहा, पण त्या दहा मिनिटांत जे दिसतं ते मी शाळेत फक्त पाठ केलं होतं.

लेक स्ट्रॉने हळूच फुंकते आणि फुगा रेलिंगवरच्या बर्फावर टेकवते. पहिले एक-दोन सेकंद काहीच होत नाही, नेहमीसारखे गुलाबी-हिरवे रंग फिरत असतात. मग फुगा जिथे बर्फाला टेकलाय तिथून एक पांढरी कड वर चढायला लागते, आणि तेवढ्यात त्या कडेवरून बारीक बारीक कण सुटतात आणि फुग्यावर गरगर फिरायला लागतात, फिरता फिरता वाढतात, त्यांना नेच्याच्या पानासारखे फाटे फुटतात, काही सेकंदांत सगळे एकमेकांना भिडतात आणि फुगा पांढरट काचेचा गोळा होऊन गप्प बसतो. धाकटा दर वेळी विचारतो, "आई, चांदण्या कोण ढवळतंय?"

उत्तर आहे, उष्णता. ऐकायला उलटं वाटतं, कारण आजूबाजूला उणे 27 आणि आपण उष्णतेबद्दल बोलतोय. पण पाण्याचा बर्फ होतो तेव्हा पाणी उष्णता बाहेर टाकतं, आणि थोडीथोडकी नाही, एक ग्रॅम पाणी गोठताना साधारण 80 कॅलरी सोडतं. तेवढ्या उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं! हीच ती अप्रकट उष्णता, जिची व्याख्या आपण दोन मार्कांसाठी लिहायचो.

आता फुग्याची भिंत बघा. बाहेर साबण, मध्ये पाणी, आत परत साबण, आणि सगळं मिळून जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पट पातळ. ती भिंत खाली गोठायला लागली की सुटलेली उष्णता त्या पांढऱ्या कडेलगतच्या पाण्याला मिळते, ते जरा गरम होतं, आणि फुग्याचा वरचा भाग मात्र थंडच राहतो. गरम पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग ओढून धरणारी ताकद, कमी, थंडाचा जास्त. जिथे ताण जास्त तिकडे पातळ थर ओढला जातो, त्यामुळे कडेपासून वरच्या दिशेने पाणी सुसाट वाहायला लागतं आणि जाता जाता कडेवरचे बर्फाचे कण उपटून घेऊन जातं. प्रत्येक उपटलेला कण म्हणजे नवं बी. म्हणून फुगा फक्त खालून वर गोठत नाही, एकाच वेळी दहा-वीस ठिकाणांहून गोठतो.

पृष्ठताणाच्या फरकामुळे होणाऱ्या या वाहण्याला मारांगोनी प्रवाह म्हणतात, कार्लो मारांगोनी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून. हा घरीही दिसतो. ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा आणि साबण लावलेलं बोट मधोमध टेकवा, मिरपूड कडेला पळते. तिथे ताण साबणाने कमी होतो, फुग्यात उष्णतेने, पण ओढाओढीचा खेळ तोच.

फुग्यातला हा खेळ अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या लोकांनी नीट मोजला, 2019 मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये त्यांचा पेपर आला. त्यांनी अजून एक गोष्ट करून बघितली, जी मला जास्त आवडते. फुगा बर्फावर ठेवला पण आजूबाजूची हवा मात्र खोलीइतकी उबदार. तर कड वर चढत गेली आणि अर्ध्यावर येऊन थांबली! कारण खालची थंडी त्या पातळ भिंतीतून वर पोचतच नाही आणि बाहेरून खोलीची ऊब येत राहते, दोन्हींचा जिथे तोल साधतो तिथे गाडी अडते. खाली बर्फाची वाटी, वर ओला फुगा, मग हळूहळू वरचा भाग खचतो.

हवेत सोडलेल्या फुग्यांचीही मजा असते. उणे 27 मध्ये ते आधी वर जातात, कारण आतली हवा आपल्या फुफ्फुसातली, गरम, बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीस टक्के हलकी. थोड्या वेळात ती गार होते आणि आकसते, तीसुद्धा जवळपास वीस टक्के. भिंत ओली असेल तर फुगा नुसता लहान होतो, पण भिंत आधीच कडक झाली असेल तर ती आत चेपते, सुरकुत्या पडतात किंवा तडकते. खाली पडलेले तुकडे हातात घेतले की अगदी कांद्याच्या पापुद्र्यासारखे लागतात. मिटनवर घेतले तर टिकतात, उघड्या तळव्यावर क्षणात पाणी.

करायचं असेल तर माझं प्रमाण सांगते. पाऊण कप कोमट पाणी, दोन टेबलस्पून भांड्यांचं लिक्विड, दोन टेबलस्पून कॉर्न सिरप आणि दोन चमचे साखर, सगळं विरघळवून फ्रीजमध्ये गार करायचं. सिरप आणि साखरेने पाणी घट्ट होतं, पटकन खाली ओघळत नाही, फुग्याला गोठेपर्यंत जगायला वेळ मिळतो. उणे 10 ला आमचे फुगे बहुतेक वेळा गोठायच्या आधीच फुटले, उणे 15 च्या खाली काम सोपं होतं. वारा नको, अजिबात नको. स्ट्रॉ प्लास्टिकची, धातूला ओठ चिकटतात. आणि विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, उणे 28 च्या खाली गेलं की उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, त्यामुळे गाल लाल दिसले की मुलांचं न ऐकता आत घ्यायचं.

पुण्याहून भाचीचा फोन आला होता, "मावशी, आमच्याकडे कसं होणार?" महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या येतात खऱ्या, पण तेवढ्या थंडीत फुगा गोठत नाही. मी तिला आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसला वरून उघडायचा डीप फ्रीझर शोधायला सांगितलं. थंड हवा जड असते, त्यामुळे झाकण उघडलं तरी बरीचशी आतच बसून राहते. स्टीलची ताटली त्यात तासभर ठेवायची, साबणाच्या पाण्याने ओली करायची, स्ट्रॉचं टोक त्या पाण्यात टेकवून लिंबाएवढा फुगा काढायचा, आणि बाजूने टॉर्च मारून त्याच्या बुडाशी बघत राहायचं, वरती नाही, कारण पहिला कण बुडापासूनच सुटतो.