ठेंगणं कार्ड आणि आखूड कार्ड

तयार घेतलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड बसवायचंय म्हणून सांगलीत कुणालाही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं : ‘कॅबिनेट बारकं आहे, बारकंच कार्ड घे.’ सल्ला चुकीचा नाही. पण बारकं म्हणजे कुठून बारकं, हे विचारणारा विचारत नाही आणि सांगणारा सांगत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझा भाचा विश्रामबागेत राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्याकडे एका ऑफिसातून उतरलेला डेस्कटॉप आहे, आडवा, वर मॉनिटर ठेवता येतो तसला. त्याला मी हौसेनं जुन्यातलं एक ‘मिनी’ कार्ड आणून दिलं. एकच पंखा, लांबीला वीतभरही नाही. स्लॉटमध्ये अलगद गेलं. झाकण लावायला गेलो तर कार्ड दोन-अडीच बोटं वर. भाचा म्हणाला, ‘मामा, बसतंय की! फक्त झाकण काढून ठेवायचं का आता?’

चूक माझी होती आणि ती शब्दाची होती. आपल्या भाषेत या दोन बारकेपणांना दोन वेगळे शब्द आहेत. माणूस ठेंगणा असतो, सदरा आखूड होतो. कार्डाचंही तसंच. ज्याला ‘लो प्रोफाइल’ किंवा नुसतं ‘एलपी’ म्हणतात ते ठेंगणं कार्ड. ज्याच्या नावात ‘मिनी’ किंवा ‘आयटीएक्स’ असतं ते बहुधा आखूड कार्ड. आसूसची ‘फिनिक्स’ नावाची कार्डंही याच आखूड जातीची. भाच्याला ठेंगणं हवं होतं, मी आखूड नेलं.

कार्डाची उंची कुठून कुठे मोजायची, इथेच बहुतेकांची गफलत होते. कार्डाचा सोनेरी दातांचा भाग मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये जातो. तिथून मदरबोर्डपासून दूर, म्हणजे झाकणाच्या दिशेनं जाते ती उंची. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं झोपलेलं दिसतं, त्यामुळे ही उंची आपल्याला रुंदी वाटते. कॅबिनेटच्या मागच्या बाजूपासून पुढच्या बाजूकडे जाते ती लांबी. साधं, पूर्ण उंचीचं कार्ड सुमारे 111 मिलिमीटर उंच असतं, ठेंगणं सुमारे 69. मागच्या बाजूला स्क्रूनं आवळायची लोखंडी पट्टी पूर्ण कार्डाची 12 सेंटिमीटर, ठेंगण्याची 8 सेंटिमीटरच्या आसपास. हे आकडे प्रमाणित आहेत. (महागड्या कार्डांचे पंखे नि जाळ्या पट्टीच्याही वर डोकं काढतात, तो वेगळा ताप.) लांबीला मात्र असं बंधन कोणी फारसं पाळत नाही. तीन पंख्यांची कार्डं फूटभर लांब येतात.

आखूड कार्ड आलं ते मिनी-आयटीएक्स मदरबोर्डांमुळे. तो बोर्ड 17 सेंटिमीटरचा चौकोन. त्याच्याबाहेर फार डोकावू नये म्हणून कार्डही तेवढंच ठेवलं, उंची मात्र कमी केली नाही. झोटॅकचं जीटीएक्स 1060 मिनी घ्या : लांबी 174 मिलिमीटर, उंची पुरी, वर 120 वॉटची भूक आणि 6 पिनची वेगळी वायर. नाव मिनी, आहार पैलवानाचा.

म्हणून घरात कार्ड आणण्याआधी कार्डाची नव्हे, कॅबिनेटची मापं घ्यावीत. पाठीमागे स्लॉटसमोर ज्या लांबट फटी असतात त्यांच्यावर शाळेतली फूटपट्टी धरायची. फट 8 सेंटिमीटरच्या घरात असेल तर ठेंगणंच कार्ड लागेल, दुसरा पर्याय नाही. 12 च्या घरात असेल तर उंचीची चिंता मिटली, आता लांबी पाहायची : त्या फटींपासून समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती जागा आहे, वाटेत साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या वायरी आडव्या येतात का. आखूड कार्डाचा उपयोग नेमका इथे, उभ्या पण खोलीला कमी असलेल्या कॅबिनेटात. जाडीही बघावी. बरीच कार्डं दोन फटींची जागा खातात, आणि काही आडव्या डेस्कटॉपमध्ये कार्डाचा मोठा स्लॉट अगदी कडेला किंवा एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, चिकटून असतो.

मॉडेल नंबरावर विसंबू नये. डेलचा ऑप्टिप्लेक्स 9020 जुन्या बाजारात अजून भेटतो. एकाच नंबरात तो मिनी टॉवर होता, एसएफएफ म्हणजे आडवा होता, त्याहून बारके दोन प्रकारही होते. मिनी टॉवरला पूर्ण उंचीचं कार्ड चालतं, एसएफएफला फक्त ठेंगणं, आणि त्या दोन बारक्यांत ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नाही. इथल्या ‘मिनी’ शब्दानं आणखी घोळ घातलाय : ‘मिनी’ टॉवर म्हणजे त्यातला सगळ्यात मोठा!

दोन्ही जातींत बरोबरी नाही, हेही सांगायला हवं. ठेंगणं कार्ड मोठ्या कॅबिनेटात चालतं, कारण नव्या खोक्यात बहुतेक वेळा दोन पट्ट्या येतात : लांब पट्टी कार्डाला लावलेली, छोटी सुटी. आडव्या डेस्कटॉपसाठी दोन-तीन स्क्रू काढून ती बदलायची. आखूड कार्डाला मात्र ठेंगण्याच्या जागी कधीच बसवता येत नाही, बोर्ड कापल्याशिवाय. आता कोणतं घ्यावं कळत नसेल तर ठेंगण्याकडे झुकावं, असं माझं मत. त्यात वेग थोडा कमी आणि छोट्या पंख्यांचा आवाज थोडा जास्त, हे सोसावं लागतं.

आता विजेचं. इथे ‘बारकं कार्ड कमी वीज खातं’ हा दुसरा गैरसमज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात. त्याहून जास्त लागले की एसएमपीएसमधून थेट वायर : 6 पिनची 75 वॉट, 8 पिनची 150 वॉट. ऑफिसच्या डेस्कटॉपांत ही वायर सहसा नसतेच. 9020 एसएफएफचा एसएमपीएस 255 वॉटचा आहे, त्यावर प्रोसेसर, डिस्क सगळंच चालतं. उलट ठेंगणं म्हणजे वायर नको, असंही नाही. गिगाबाइटचं आरटीएक्स 4060 लो प्रोफाइल अस्सल ठेंगणं आहे, पण त्याला 8 पिनची वायर लागते. आपल्याला हवी आखूडशिंगी बहुदुधी गाय, ती सहज मिळत नाही.

साटाच्या प्लगातून 6 पिनची वायर काढून देणारे अ‍ॅडॅप्टर स्वस्तात मिळतात. ते घेऊ नका. साटाच्या प्लगातून 12 व्होल्टवर साधारण 54 वॉट नेणं अपेक्षित आहे, 6 पिनवर कार्ड 75 पर्यंत ओढू शकतं. प्लग वितळतो. एसएमपीएसच बदलू म्हणाल तर आडव्या डेस्कटॉपांत त्याचा आकार वेगळा, आणि 9020 सारख्यात मदरबोर्डचा मुख्य प्लगही नेहमीचा 24 पिनचा नव्हे, 8 पिनचा.

मग ठेंगणं, बिनवायरीचं काय आहे? जीटीएक्स 1650 आहे, 2019 चं, 75 वॉटचं. मात्र त्याच नावाच्या काही कार्डांना 6 पिन असते, फोटोत कड नीट पाहावी. 2024 मध्ये आलेलं आरटीएक्स 3050 चं 6 जीबीचं रूप 70 वॉटवर चालतं आणि ते लो प्रोफाइलमध्येही मिळतं. पण त्याच 3050 चं 2022 चं 8 जीबीचं रूप 130 वॉटचं आहे. दुकानात नुसतं ‘3050 द्या’ म्हणू नये. एएमडीचं आरएक्स 6400 हेही 53 वॉटचं गोंडस ठेंगणं, पण ते चारच लेनवर, म्हणजे डेटाच्या चारच वाटांवर चालतं, त्यामुळे जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटवर गळपटतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे एक्स्पोर्टचं काम झटपट उरकणारा भाग, नाही. गेम खेळणाऱ्याचं एक वेळ निभेल. रात्रभर लग्नाची फाइल एक्स्पोर्ट करणाऱ्या भाच्याला ते कुठे द्यायचं?

भाच्याला अखेर ठेंगणं 1650 बसवलं, तेही जुन्यातलंच. त्यातही एक खोच निघाली. आधीच्या मालकानं ते टॉवरमध्ये वापरलेलं, छोटी पट्टी खोक्यासकट हरवलेली. पट्टी सुटी मिळते, पण तिची भोकं आपल्या कार्डाच्या पोर्टांशी जुळावी लागतात. एचडीएमआय कुठल्या बाजूला आणि डीव्हीआय कुठल्या, ते फोटो काढून, ताडून मागवली. ती येईपर्यंत चार दिवस कार्ड बिनपट्टीचं, दोऱ्यानं बांधून चालवलं; हे कुणी करू नये, एचडीएमआयची वायर ओढली गेली तर स्लॉट मोडतो.

झाकण लागलं त्या संध्याकाळी भाच्याचा फोन : ‘मामा, सगळं बसलं, डिस्प्ले येईना.’ मॉनिटरची वायर अजून मदरबोर्डच्या जुन्या पोर्टातच होती. आणि भाच्याला आधी नेलेलं ते आखूड कार्ड, 1060? ते माझ्या टॉवरमध्ये आहे, तिथे 6 पिनची वायर होती.