गोळीची फिरकी

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या 250 वर्षांच्या निमित्ताने एक चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं. झाडाआड दबा धरलेला शेतकरी आणि दूरवर घोड्यावरून कोसळणारा लाल डगल्यातला इंग्रज अंमलदार. एक गोळी, एक बळी! चित्र झकास आहे, पण पदार्थविज्ञानाला ते सहसा मानवत नाही.

19 एप्रिल 1775 ला बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टन आणि काँकर्ड या गावांत चकमकी उडाल्या. (‘चकमक’ हा शब्द अगदी नेमका आहे. या बंदुकांची दारू पेटायची ती घोड्यात आवळलेली गारगोटी पोलादावर आपटून.) बॉस्टनला परतणाऱ्या इंग्रज फौजेवर हजारो वसाहतवाल्यांनी (म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींच्या रहिवाशांनी) वाटभर गोळ्या झाडल्या. फौजेचे 73 ठार आणि 174 जखमी झाले. बार किती उडाले ते पाहता हे फारच थोडे.

कारण नळीत आहे. इंग्रजांच्या बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे 19 मिलिमीटर, गोळीचा साधारण 17.5. ही फट मुद्दाम ठेवलेली. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त वस्तुमान घनरूपात उरतं आणि नळीत काजळी साचते. घट्ट गोळी चार-सहा बारांनंतर आत सरकणारच नाही. पण सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर येते, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यानुसार तिला गिरकी मिळते. गिरकी कुठल्या दिशेची, हे नेम धरणाऱ्याला कळायला मार्गच नाही.

गिरकी घेणारी गोळी हवेत वळते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1740 च्या दशकात हे भन्नाट पद्धतीने दाखवलं. त्याने नळीचं तोंड किंचित डावीकडे वाकवलं. गोळी डावीकडे जाणार, असं कोणीही म्हणेल. ती आधी गेलीही, पण पुढे उजवीकडे वळली! वाकलेल्या नळीत गोळी उजव्या भिंतीला घासते, त्यामुळे तिची उजवी बाजू मागे फिरते. त्या बाजूला हवा पृष्ठभागाबरोबर मागे सरकते, डाव्या बाजूला दोघांची झटापट होते. गोळीमागचा हवेचा झोत डावीकडे झुकतो, मग न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने गोळी उजवीकडे. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत सरकतो तो याच बलाने. (वेगवान गोलंदाजाचा स्विंग वेगळा, तो शिवणीचा खेळ.) बल गिरकी आणि वेग या दोन्हींबरोबर वाढतं. नाव मात्र मिळालं माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाचं, शंभरेक वर्षांनी.

‘गोळीवर नाव लिहिलेलं असतं’ म्हणतात. नावबिव काही नसतं, आंधळी गिरकी असते.

म्हणूनच 17 जून 1775 ला बॉस्टनजवळच्या बंकर हिल टेकडीच्या लढाईत वसाहतवाल्यांनी शत्रू अगदी जवळ येईपर्यंत बार रोखून धरले. दारूचाही तुटवडा होता. जवळून झाडलेल्या गोळीला वळायला अंतरच उरत नाही. इंग्रजांचे 226 ठार, 828 जखमी झाले. तिसऱ्या हल्ल्यात वसाहतवाल्यांची दारू संपली आणि टेकडी गेली.

उपाय रॉबिन्सनेच सांगून ठेवला होता. नळीत आतून पीळदार खाचा पाडायच्या, म्हणजे गोळी प्रवासाच्या दिशेलाच आस ठेवून फिरते आणि बाजूला ढकलणारं बल जवळपास नाहीसं होतं. अशा रायफली पेन्सिल्व्हेनियाच्या शिकाऱ्यांकडे होत्या, पण त्यांच्या तुकड्या बॉस्टनला पोचल्या बंकर हिलनंतर. शिवाय रायफल भरायला वेळ फार लागे आणि तिला संगीन बसत नसे. रॉबिन्स स्वतः 1751 मध्येच वारला होता, ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत, तमिळ किनाऱ्यावर कडलूरजवळच्या किल्ल्यात.