वारा पडला की फवारणीचं विमान जमिनीवरच

पहाटेची वेळ, झाडाचं पान हलत नाही इतका वारा पडलेला. फवारणीला याहून चांगला मुहूर्त कुठला, असं कुणालाही वाटेल. पण हवाई फवारणी करणारा वैमानिक अशा वेळी सहसा थांबून राहतो. त्याला हवी असते एकाच दिशेने वाहणारी हलकी झुळूक.

सगळी गोम थेंबात आहे. विमानाच्या पंखाखाली आडवी दांडी असते, तिच्यावर नोझलची रांग. त्यांतून निघणाऱ्या थेंबांचा आकार मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. स्थिर हवेत 3 मीटरवरून सुटलेला 400 मायक्रॉनचा थेंब साधारण 2 सेकंदांत खाली येतो. 100 मायक्रॉनच्या थेंबाला 10 सेकंद लागतात, 20 मायक्रॉनच्याला चार मिनिटं आणि 5 मायक्रॉनच्याला तासाहून जास्त! तोवर तो कुणाच्या शेतात पोचेल याचा नेम नाही.

मग सरसकट मोठेच थेंब का सोडू नयेत? कारण व्यास निम्मा केला की तेवढ्याच द्रावणातून आठपट थेंब मिळतात आणि पानं अधिक नीट झाकली जातात. मोठा थेंब पानावरून घरंगळून मातीत जातो. म्हणून बुरशीनाशकाला थेंब बारीक ठेवतात, तर तणनाशकाला जाड, कारण ते शेजारच्या पिकावर उडालं तर पीकच जळायचं. नोझलचं तोंड कुठे आहे यानेही फरक पडतो. ते सरळ मागे असेल तर थेंब जाड राहतात. खाली वळवलं की ताशी 200 किलोमीटरने अंगावर येणारी हवा त्यांच्या चिंधड्या उडवते.

आता त्या पहाटेकडे वळू. निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते, आणि उबदार हवा वर राहते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. एरवी वर-खाली मिसळत राहणारी हवा अशा वेळी थरांत अडकते. बारीक थेंब त्या थरात तरंगत राहतात आणि झुळूक सुटली की अख्खा लोट न विरता दूरवर सरकतो. हे ओळखायला वैमानिक इंजिनाच्या तप्त धुराड्यात थोडं तेल सोडून पांढरा धूर काढतो. धूर वर जाऊन विस्कटला तर काम सुरू. चादरीसारखा आडवा पसरून राहिला तर विमान परत.

वारा ठीक असला तरी विमान स्वतःची हवा ढवळतंच. पंखांच्या टोकांशी भोवरे तयार होतात आणि थेंब वर उचलतात. म्हणून नोझलची दांडी पंखाइतकी लांब नसते, साधारण तीन चतुर्थांशांवर थांबते. फवारणीची सुरुवात वारा जिकडे जातो त्या कडेपासून होते. मग पट्ट्यामागून पट्टा वाऱ्याच्या उगमाकडे सरकायचं, म्हणजे आपल्याच औषधातून उडायला नको.

हे तंत्र शंभरी ओलांडलेलं आहे. 3 ऑगस्ट 1921 रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावाजवळ जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने कॅटाल्पाच्या झाडांवरच्या अळ्यांसाठी शिशाच्या आर्सेनेटची भुकटी विमानातून टाकली. आज ते विष पिकाजवळ आणायची कुणाची छाती होणार नाही.

एअर ट्रॅक्टर 802 सारख्या आजच्या विमानाच्या टाकीत सुमारे 3,000 लिटर द्रावण मावतं. रिकाम्या विमानाचं वजनही जवळपास तेवढंच, 3 टनांच्या आसपास. म्हणजे पहिल्या पट्ट्याला हाताळलेलं विमान आणि शेवटच्या पट्ट्याचं विमान, दोन्ही निराळी. शेताच्या टोकाला वर चढून वळताना हे विसरून चालत नाही. 60 अंश कलून उंची राखत वळलं तर पंखांवरचा भार दुप्पट होतो, आणि ज्या वेगाखाली पंख उचल गमावतात तो वेग 1.4 पट होतो. जमीन इतकी जवळ असते की चूक सावरायला उंचीच नसते.

आणि तारा! खांब दिसतो, तार दिसत नाही. म्हणून अनेक विमानांच्या काचेपुढे आणि चाकांच्या दांड्यांवर तार कापणारी पाती असतात. तरीही बऱ्याचदा वैमानिक आधी पाहून ठेवलेल्या तारेलाच धडकतो, कारण नजर थेंबांवर, पट्ट्यावर आणि वाऱ्यावर असते.