प्लाझ्मा कटर (स्वस्त, घरगुती)

वीज वाहून नेणारा कुठलाही धातू दाबाची हवा आणि विजेचा आर्क (दोन टोकांमधल्या फटीत सलग पेटलेली ठिणगी) यांच्या जोरावर कापणारं यंत्र म्हणजे प्लाझ्मा कटर. कारखान्यातली कापायची मोठी टेबलं इथे धरलेली नाहीत, ही नोंद फक्त छोट्या मशीनची आहे, म्हणजे सिंगल फेजवर चालणारं, ३० ते ५० अँपिअरचं, बाजारात 'कट-४०', 'कट-५०' अशा नावांनी मिळणारं आणि हौशी माणूस गॅरेजमध्ये नाहीतर घरामागच्या शेडमध्ये ठेवतो ते. ग्राइंडरने पत्रा कसा कापतात हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरलंय.

आधी नावाचं बघू. आयनीभूत वायूला, म्हणजे आर्कमध्ये होतो तसा इलेक्ट्रॉन सुटलेल्या वायूला, 'प्लाझ्मा' हा शब्द अर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये वापरला, एवढं पक्कं. पण हाच शब्द का, तर रक्तातला प्लाझ्मा जसा पेशी वाहून नेतो तसा हा वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो म्हणून, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी आठवून सांगितलंय, मूळ लेखात कारण दिलेलं नाही, त्यामुळे ही व्युत्पत्ती जरा जपूनच घ्यावी. मराठीत 'आयनद्रायू' असा शब्द आहे, पण मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन कुणी 'आयनद्रायू कर्तक' मागितला तर दुकानदार आधी चहा पाजेल.

यंत्राच्या उगमाबद्दल दोन मतं वाचायला मिळतात. एक लोकप्रिय मत असं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमान कारखान्यांत प्लाझ्मा कटिंग जन्माला आलं. दुसरं मत ते १९५५ ते ५७ च्या सुमारास नेतं. पहिल्या मतात घोळ झालेला दिसतो. युद्धकाळात नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी बसवली ती टंगस्टन इलेक्ट्रोड आणि हेलियम वापरून मॅग्नेशियम जोडायची पद्धत, तिचं नाव 'हेलिआर्क', आज आपण टिग म्हणतो तीच, म्हणजे कापायची नाही, जोडायची. तिचे हक्क पुढे युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागाकडे गेले आणि त्याच विभागात रॉबर्ट गेज यांनी टिगचाच आर्क थंड ठेवलेल्या अरुंद नोझलमधून दाबून बाहेर काढला. तो नुसता लांब झाला नाही तर धारेसारखा सरळ आणि वेगवान झाला आणि धातू वितळवून पलीकडे उडवायला लागला. त्यांचं पेटंट सप्टेंबर १९५७ चं आहे. कंपनी एक, टॉर्चचं (म्हणजे आर्क बाहेर पडतो त्या हातात धरायच्या दांड्याचं) घराणं एक, म्हणून दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात मिसळल्या असाव्यात. कागदावरचा पुरावा बघता दुसरं मतच जास्त टिकतं.

गेज यांच्या टॉर्चला आर्गॉन-हायड्रोजनसारखे महाग वायू लागायचे. साधी हवा वापरायचे प्रयत्न १९६२-६३ च्या सुमाराचे मानतात, पण हवेतल्या ऑक्सिजनने टंगस्टन बघता बघता जळून जायचं. मग तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकात झिर्कोनियम आणि पुढे हॅफ्नियमचा बारीक दाणा बसवायला लागले. आजच्या अगदी स्वस्त मशीनच्या इलेक्ट्रोडमध्येसुद्धा हाच दाणा असतो. नवा इलेक्ट्रोड हातात धरून बघा, तांब्याच्या मधोमध करडा ठिपका दिसेल, तो हॅफ्नियम. वापरता वापरता तिथे खड्डा पडत जातो आणि तो मिलिमीटर-दीड मिलिमीटर झाला की इलेक्ट्रोड संपला. तरी रेटत राहिलात तर आर्कमध्ये हिरवी झाक मारते, म्हणजे आता तांबंच जळतंय आणि पाठोपाठ नोझलही जाणार. सुटसुटीत मशीन छोट्या वर्कशॉपपर्यंत पोचलं ते साधारण १९८० च्या दशकापासून, इन्व्हर्टर (घरातला बॅटरीवाला नव्हे, मशीनमधलं जड ट्रान्सफॉर्मरची जागा घेणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) आल्यावर तर ते एका हाताने उचलण्याइतकं हलकं झालं.

विकत घेताना लोक अँपिअर विचारतात, खरं आधी विचारायला हवं की आर्क सुरू कसा होतो. सगळ्यात स्वस्त मशीनवर बहुधा पीटी-३१ जातीचा टॉर्च येतो, त्यात हाय फ्रिक्वेन्सी ठिणगी असते पण पायलट आर्क नसतो, म्हणजे टिप (नोझललाच बाजारात टिप म्हणतात) पत्र्याला टेकवल्याशिवाय काम सुरूच होत नाही, आणि पत्रा गंजलेला किंवा रंगवलेला असेल तर आर्क धरता धरत नाही. पायलट आर्क असला की टॉर्चच्या तोंडातच छोटी ज्योत तयार असते, गंजावरून, रंगावरून, गेटच्या जाळीवरूनही कापता येतं. तिसरा प्रकार ब्लोबॅकचा, त्यात इलेक्ट्रोड आणि नोझल आधी चिकटलेले असतात, ट्रिगर दाबला की हवा त्यांना वेगळं करते आणि तिथेच ठिणगी पडते, हाय फ्रिक्वेन्सी लागतच नाही. पुढेमागे छोटं सीएनसी टेबल (कॉम्प्युटरच्या हुकमाने टॉर्च फिरवणारं) जोडायचा विचार असेल तर हा प्रकार बरा, कारण हाय फ्रिक्वेन्सीने कंट्रोलर बोर्ड मधेच रीसेट होतात, मोटर भरकटते, आणि माणूस आठवडाभर वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो.

जाडीचे आकडे सावधपणे वाचावेत. डब्यावर छापलेली '१२ मिमी' ही बरेचदा कसंबसं तुटण्याची मर्यादा असते, स्वच्छ कापण्याची नाही. वर्कशॉपच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, धरा ३ मिमी. त्या हिशेबाने ४० अँपिअरच्या स्वस्त मशीनकडून दोन सूत नीट आणि तीन सूत रडतखडत, एवढीच अपेक्षा ठेवावी. अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही, हवा टॉर्चमध्ये गोल फिरत येते त्यामुळे कापाची एक बाजू सरळ आणि दुसरी तिरकी येते. नेहमीच्या टॉर्चमध्ये पुढे सरकण्याच्या दिशेने उजवी बाजू सरळ असते, तेव्हा कामाचा तुकडा उजवीकडे आणि भंगार डावीकडे राहील अशी चाल धरायची.

विजेचा हिशोब सोपा आहे. ४० अँपिअरला आर्कचं प्रमाणित व्होल्टेज ९६ धरतात, म्हणजे ३,८४० वॅट नुसत्या आर्कमध्येच गेले, मशीनचा स्वतःचा ऱ्हास वेगळा. घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला ३,६८० वॅटपर्यंतच जातं. फुल अँपिअरवर चालवायचं तर मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी हवा. २५ अँपिअरवर मात्र काम १६ च्या सॉकेटवर निभतं आणि एक सुताचा पत्रा त्यात आरामात कापला जातो. ड्यूटी सायकल ६०% लिहिलेली असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटंच कापायचं, बाकी मशीन थंड होऊ द्यायचं, आणि कुठल्या तापमानाला ते लिहिलेलंच नसेल तर विदर्भातल्या मे महिन्यात त्यावर फार विसंबू नये.

पण खरा खर्च हवेचा, आणि स्वस्त मशीन घेणारा बहुतेक वेळा इथेच फसतो. या टॉर्चना ५ बारच्या आसपास दाबाने मिनिटाला साधारण १०० ते २०० लिटर हवा लागते. कॉम्प्रेसरवर लिहिलेला आकडा पिस्टन किती हवा ओढतो त्याचा असतो, टाकीत प्रत्यक्ष येणारी हवा त्याहून बरीच कमी. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ५ वर उतरेपर्यंत १५० लिटर मोकळी हवा देते, म्हणजे १२० लिटर खाणारा टॉर्च नुसत्या टाकीवर सव्वा मिनिट चालणार, पुढे सगळा भार मोटरवर. त्यात कोकणातला किंवा मुंबईचा पावसाळा, टाकीच्या तळाशी वाटीभर पाणी साठतं आणि ते टॉर्चमध्ये गेलं की आर्क फडफडतो, टिपचं गोल भोक अंडाकृती होतं, इलेक्ट्रोड एका दुपारी उडतो. मशीनसोबत येणारी प्लास्टिकची छोटी वाटी पाण्याचे थेंब पकडते, वाफ नाही. वाफेसाठी सिलिका जेलची नळी लावावी, आणि कॉम्प्रेसर व टॉर्च यांच्यामध्ये लांब पाईप ठेवावा म्हणजे हवा थंड होऊन पाणी आधीच खाली बसतं.

टिप, इलेक्ट्रोड, स्वर्ल रिंग (हवेला फिरकी देणारी कडी) आणि सिरॅमिक कप हे झिजणारे भाग. ज्या टॉर्चचे ते सुटे मिळत नाहीत तो टॉर्च कितीही स्वस्त असला तरी घेण्यात अर्थ नाही.

१६ ते २० गेजच्या पत्र्यावर सरळ रेघच मारायची असेल तर ग्राइंडर पुरतो. प्लाझ्माची मजा वळणात आहे, नावाची पाटी, दिव्याची जाळी, गेटवरचा मोर, प्लायवूडचा साचा पत्र्यावर दाबून त्याच्या कडेने टॉर्च फिरवायचा. साचा आकारापेक्षा थोडा लहान ठेवायचा, टिपच्या कडेपासून मधल्या धारेपर्यंतचं अंतर सोडून.

धोक्यांमध्ये पहिला विजेचा, या मशीनचं बिनलोड व्होल्टेज (आर्क पेटलेला नसतानाचं) वेल्डिंग मशीनच्या कितीतरी पट, २०० च्या वर असतं, त्यामुळे टिप बदलताना स्वीच बंद करून प्लग काढायचाच. डोळ्यांसाठी ४० अँपिअरपर्यंत ५ नंबरची काळी काच, त्यापुढे ६० पर्यंत ६ नंबरची. जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा पांढरा धूर रात्री ताप आणतो, स्टेनलेसच्या धुरात विषारी षट्‌संयुजी क्रोमियम असतं, दोन्ही बंद खोलीत कापू नयेत. क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटने पुसलेला पत्रा पूर्ण वाळल्याशिवाय टॉर्चजवळ आणायचा नाही, आर्कच्या अतिनील किरणांत त्या वाफांचं फॉस्जीन हा विषारी वायू होतो.